तीन सेंट सरकारचे, बाकीचे एक्सप्रेसवाल्याचे: अमेरिकेतली जुनी एक्सप्रेस-पाकिटं कशी जमवावीत

माझ्या टेबलावर एक पाकीट आहे. उजव्या कोपऱ्यात गुलाबी शाईतला, उठाव दिलेला वॉशिंग्टनचा चेहरा आणि तीन सेंटची किंमत. त्याच्या डावीकडे काळ्या शाईत छापलेली पट्टी: ‘पेड, वेल्स फार्गो अँड कंपनी, ओव्हर अवर कॅलिफोर्निया अँड कोस्ट रूट्स’. खाली निळा लंबगोल शिक्का आणि त्यात गावाचं नाव, व्हर्जिनिया सिटी. सरकारी टपालखात्याचा शिक्का पुढे नाही, मागे नाही, कुठेच नाही. म्हणजे सरकारने तीन सेंट घेतले आणि पत्राला हातसुद्धा लावला नाही.

हा प्रकार कसा चालत असे ते आधी समजून घ्या, मगच पैसे खर्च करा. मुंबईतला आंगडिया माहीत असेल, तर एक्सप्रेस कंपनी समजायला वेळ लागणार नाही: विश्वासू माणूस, बरोबर पैसा, जोखीम आणि चार पत्रं, आणि टपालापेक्षा आधी पोच. विल्यम हार्नडेनने 1839 मध्ये बॉस्टन-न्यूयॉर्क मार्गावर हेच सुरू केलं, 1840 मध्ये अॅल्विन अॅडम्स त्या धंद्यात उतरला. तेव्हा सरकारी दर असे होते की या दोन शहरांमध्ये एका कागदाच्या पत्राला पावणेएकोणीस सेंट पडत. दर कागदामागे होता. पाकिटात घातलं तर पाकीट हा दुसरा कागद मोजला जाई, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. खासगी लोक यापेक्षा खूप स्वस्तात पत्रं नेऊ लागले. लायसँडर स्पूनरने तर 1844 मध्ये स्वतःची टपाल कंपनी काढून सरकारच्या मक्तेदारीलाच आव्हान दिलं. सरकारने 1 जुलै 1845 पासून दर उतरवले (तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट, पुढे दहा) आणि खासगी टपालाच्या मुसक्या आवळल्या.

पण 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जिथे पोस्ट ऑफिसच नाही अशा डोंगरात हजारो माणसं जाऊन बसली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टपाल कचेरीत पत्रांचे ढीग आणि बाहेर लांबच लांब रांगा. अलेक्झांडर टॉड नावाच्या माणसाने खाणवस्त्यांमधून नावं गोळा केली, कचेरीतून त्यांची पत्रं सोडवली आणि डोंगरात नेऊन दिली. एका पत्राचा मोबदला एक औंस सोनं. ज्याला वर्षभर घरची खबर नाही, तो देणारच.

कायद्याने मधला रस्ता काढला तो 31 ऑगस्ट 1852 रोजी. सरकारने तिकीट छापलेली पाकिटं काढायची, आणि पत्र त्यात सीलबंद करून पूर्ण पत्ता लिहिला असेल, तर ते टपालखात्याबाहेरून कोणीही नेऊ शकेल. सरकारला त्याचा दर पाकीट विकतानाच मिळाला. एक्सप्रेसवाले ही पाकिटं गठ्ठ्याने घेत, त्यांवर आपली ‘पेड’ची पट्टी म्हणजे फ्रँक छापून घेत आणि गिऱ्हाइकाला विकत. तीन सेंटचं पाकीट वेल्स फार्गो बराच काळ साधारण दहा सेंटला विकत असे. वरचे सात सेंट कंपनीचे. माझ्या टेबलावरच्या पाकिटाचा हिशोब इतकाच आहे. पुढचं सगळं मार्गदर्शन म्हणजे हा पैशांचा आणि तारखांचा हिशोब जुळवणं.

आधी कोपरा निवडा

‘एक्सप्रेसची पाकिटं जमवतो’ म्हणणं म्हणजे ‘भांडी जमवतो’ म्हणण्यासारखं आहे. पैसे संपतील आणि संग्रहाला तोंडवळा येणार नाही.

सुरुवातीला मी एकच वाट सुचवेन: वेल्स फार्गोची 1864 नंतरची, तीन सेंटची फ्रँक छापलेली पाकिटं. कंपनीची स्थापना 18 मार्च 1852 ची, न्यूयॉर्कमधली. त्याच जुलैत सॅन फ्रान्सिस्कोची कचेरी उघडली आणि 1895 मध्ये पत्रांचं काम बंद झालं. चाळीसहून जास्त वर्षांत पाकिटं इतकी निघाली की सॅन फ्रान्सिस्को किंवा सॅक्रामेंटोचा शिक्का असलेलं, 1870-80 च्या दशकातलं हिरव्या तिकिटाचं साधं पाकीट आजही वीस ते पन्नास डॉलरच्या आसपास मिळतं. तेवढ्यात दीडशे वर्षांपूर्वीचा खरा कागद हातात येतो आणि चूक झाली तरी घर बुडत नाही.

त्यानंतर रस्ते फुटतात. एकच गाव घेऊन त्याचे सगळे शिक्के गोळा करता येतात. लहान कंपन्या घेता येतात: लँग्टन, फ्रीमन, हंटर, ग्रेगरी, ओरेगनमधली ट्रेसी. यांची पाकिटं कमी आणि महाग. ब्रिटिश कोलंबियाचा, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचा, रस्ता मला सगळ्यांत सुंदर वाटतो. फ्रेझर नदीवर 1858 मध्ये आणि पुढे कॅरिबूमध्ये सोन्याची धावपळ झाली, तेव्हा व्हिक्टोरियाहून निघालेल्या पत्रावर वसाहतीचं टपाल, अमेरिकेचं तिकीट आणि वेल्स फार्गोची फ्रँक असे तीन-तीन हिशोब दिसतात. बलू, बर्नार्ड, डाइट्झ अँड नेल्सन ही तिकडची नावं. मात्र इथे पाऊल टाकण्याआधी खिसा चाचपा.

यादवी युद्धाचा एक कोपराही आहे. उत्तर-दक्षिण टपाल तुटल्यावर 1861 च्या उन्हाळ्यात अॅडम्स एक्सप्रेस आणि अमेरिकन लेटर एक्सप्रेस यांनी सीमेपलीकडे पत्रं नेली. ऑगस्टमध्ये लिंकनच्या जाहीरनाम्याने ते थांबलं. काळ जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, त्यामुळे खोटेपणाला वाव भरपूर. नवख्याने लांब राहावं.

पोनी एक्सप्रेसबद्दल एकदाच

कोणाला हा छंद सांगितला की पहिला प्रश्न हाच येतो, ‘घोडेस्वारांचं पाकीट आहे का?’ नाही. पोनी एक्सप्रेसचा, म्हणजे घोडेस्वारांनी टपाल नेण्याचा, सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो हा सुमारे 1,900 मैलांचा मार्ग 3 एप्रिल 1860 ला सुरू झाला आणि ऑक्टोबर 1861 मध्ये, सलग तारायंत्र जोडलं गेल्यावर, बंद पडला. सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर, शेवटी 1 जुलै 1861 पासून एक डॉलर. आज जगात सुमारे अडीचशे पाकिटं उरली आहेत आणि त्यांच्या किमतीत आपल्याकडे घर येतं. घोडेस्वाराची सुटी तिकिटं मात्र स्वस्तात दिसतील. त्यांतली बहुतेक नंतर आठवण म्हणून छापलेल्या नकला असतात किंवा सरळ फसवणूक.

आणखी एक गोंधळ. वेल्स फार्गोने 1862 पासून व्हर्जिनिया सिटी ते सॅन फ्रान्सिस्को अशी वेगळी घोडासेवा चालवली. तिची तिकिटं दहा आणि पंचवीस सेंटची, त्यांवरही घोडेस्वारच आहे. विक्रेता ‘पोनी एक्सप्रेस’ म्हणत असेल तर आधी तिकिटावरची किंमत वाचा. सेंट असतील तर तो खंड ओलांडणारा घोडा नव्हे.

पाकीट वाचायचं कसं

लागणारं साहित्य थोडं आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पारदर्शक पट्टी, अतिनील किरणांचा छोटा दिवा आणि स्वच्छ, कोरडे हात. हातमोजे नकोत, त्यांत कागदाची कड जाणवत नाही आणि अडकून फाटते.

पहिली पायरी कोऱ्या पाकिटाची. फ्रँक विसरा, शिक्का विसरा, फक्त सरकारने छापलेलं तिकीट बघा. न्यूयॉर्कच्या जॉर्ज नेसबिटकडे 1853 पासून हे काम होतं. पहिली तीन सेंटची पाकिटं लाल शाईची. दहा सेंटची हिरवी 1855 मध्ये आली, कारण त्या वर्षी तीन हजार मैलांपलीकडचा दर दहा सेंट झाला. चौकटीत दोन्ही बाजूंना तारे असलेली आवृत्ती 1860 ची. यादवी युद्ध पेटलं तेव्हा दक्षिणेकडे अडकलेला साठा निरुपयोगी व्हावा म्हणून सरकारने 1861 मध्ये जुनी तिकिटं-पाकिटं बाद करून नवी काढली. गुलाबी वॉशिंग्टनची पुढची आवृत्ती 1864 ची. मग 1870 मध्ये काम रे नावाच्या ठेकेदाराकडे गेलं आणि तीन सेंट हिरवे झाले. 1874 पासून प्लिम्प्टन. ऑक्टोबर 1883 मध्ये दर दोन सेंटवर आला आणि तीन सेंटचं युग संपलं.

पाकीट उजेडासमोर धरा. कागदात तिरप्या रेषा आणि टपालखात्याच्या आद्याक्षरांचं जलचिन्ह दिसायला हवं. अगदी सुरुवातीच्या पाकिटांच्या मागच्या झडपेवर नेसबिटने स्वतःच्या नावाचा ठसा उठवला होता. सरकारी पाकिटावर ठेकेदाराची जाहिरात कशाला, म्हणून खात्याने तो बंद करवला. असा ठसा असलेलं पाकीट दिसलं तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

दुसरी पायरी फ्रँकची. अक्षरांचं वळण, ओळींची लांबी, चौकटीचे कोपरे पट्टीने मोजा आणि माहितीतल्या नमुन्याशी ताडून बघा. मार्गाच्या शब्दांकडे लक्ष द्या. ‘कॅलिफोर्निया अँड कोस्ट रूट्स’ वेगळं आणि ‘थ्रू अवर कॅलिफोर्निया अँड अटलांटिक एक्सप्रेस’ वेगळं. ही छपाई साध्या छापखान्यात व्हायची, त्यामुळे अक्षरांचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला किंचित लागतो. अगदी सपाट, दाणेदार, ठिपक्यांची छपाई भिंगाखाली दिसली की पाकीट खाली ठेवा.

तिसरी पायरी शिक्क्याची. सुरुवातीच्या शिक्क्यांमध्ये महिना आणि दिवस असतो, वर्ष बहुधा नसतं. वर्ष शोधायचं ते इतर खुणांवरून. पत्र मिळाल्यावर लोक पाकिटाच्या डाव्या कडेला आडवं लिहून ठेवत: कोणाचं, कुठून, कधी मिळालं, उत्तर कधी दिलं. ही नोंद म्हणजे घबाड. पुष्कळ लोक ती ‘घाण’ समजून पुसतात किंवा कड कापून पाकीट ‘सुबक’ करतात. कापलेल्या कडेचं पाकीट निम्म्या किमतीलाही घेऊ नये असं माझं मत आहे, भले ते कितीही गोरंगोमटं दिसो.

शिक्का तिकिटावर आणि कागदावर असा दोन्हीकडे पसरलेला असेल, तर शाई दोन्ही ठिकाणी सारखी मुरली आहे का ते बघा. हाताने लिहिलेला पत्ता शिक्क्याच्या वर आहे की खाली, हेही भिंगाने कळतं. पत्ता आधी, शिक्का नंतर हा नैसर्गिक क्रम. उलटा दिसला तर का, हे विचारा.

गावांची नावं फसवतात

हा भाग कुठल्या विक्रेत्याच्या वर्णनात नीट सापडत नाही, म्हणून थोडा थांबतो. ‘नेवाडा’ असा शिक्का बघून लोक नेवाडा राज्य समजतात. तो प्रदेश 1861 मध्ये झाला, राज्य 1864 मध्ये. त्याआधीचा ‘नेवाडा’ म्हणजे कॅलिफोर्नियातलं आजचं नेवाडा सिटी, सोन्याच्या खाणींचं गाव. अरोरा नावाच्या खाणगावावर तर कॅलिफोर्निया आणि नेवाडा दोघांचाही दावा होता. दोघांनी तिथे आपापलं जिल्ह्याचं ठाणं थाटलं होतं, आणि 1863 च्या मोजणीत ते नेवाडात निघालं. बेळगाव माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

माझ्या पाकिटावरच्या व्हर्जिनिया सिटीचीही तीच कथा. नेवाडातलं गाव 1859 मध्ये कॉमस्टॉकच्या चांदीमुळे वसलं, आणि मोंटानातही 1863 पासून त्याच नावाचं गाव आहे. म्हणून जवळ जुना नकाशा ठेवा. मी कॅलिफोर्नियाच्या खाणपट्ट्याचा एक नकाशा छापून भिंतीवर लावलाय आणि पाकीट असलेल्या गावांवर टाचण्या टोचल्यात. बायको म्हणते, पोलीस ठाण्यासारखं दिसतं.

तारखांची साखळी

खोटं ओळखायचं सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी. पाकिटाचा जन्म कधी, कंपनी कधीपासून कधीपर्यंत, गाव कधी वसलं, शिक्का कोणत्या काळातला. चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतील असं निदान एक वर्ष निघालंच पाहिजे.

हे मी फुकट शिकलो नाही. एका विक्रेत्याकडून मी अॅडम्स अँड कंपनीचा सॅक्रामेंटोचा ठसठशीत शिक्का असलेलं तीन सेंटचं लाल पाकीट 180 डॉलरला घेतलं. दोन महिने अभिमानाने सगळ्यांना दाखवलं. मग एका रात्री तिकीट भिंगाखाली धरलं तर चौकटीत दोन्ही बाजूंना तारे. ताऱ्यांची आवृत्ती 1860 ची, आणि कॅलिफोर्नियातली अॅडम्स अँड कंपनी फेब्रुवारी 1855 मध्येच बुडालेली. पेज बेकन बँक 22 तारखेला बंद पडली, दुसऱ्या दिवशी अॅडम्सने दरवाजे लावले. वेल्स फार्गोही थोडे दिवस बंद होती, पण ती पुन्हा उघडली. विक्रेत्याचं उत्तर आलं की अॅडम्स तर पुढे कित्येक वर्षं चालू होती. हो, पूर्वेकडची अॅडम्स एक्सप्रेस चालू होती, ती वेगळी कंपनी. सॅक्रामेंटोच्या शिक्क्याचं काय, यावर उत्तर आलं नाही. पाकीट खरं होतं, तिकीट खरं होतं, शिक्का कोणीतरी नंतर मारलेला. ते मी फेकलं नाही. वहीत पहिल्याच पानावर लावलंय.

फसवणुकीची ही सर्वसाधारण रीत आहे: संपूर्ण खोटं क्वचित, खऱ्या स्वस्त पाकिटावर एक महाग खूण वाढवलेली जास्त. त्यामुळे जी एक खूण किंमत वाढवते, संशय तिच्यावरच घ्या. अतिनील दिव्याखाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद बहुधा निळसर-पांढरा चमकतो, कारण त्यात चकाकीची रसायनं असतात. जुना कागद मंद राहतो. खोडलेली शाई, चिकटवलेला कोपरा, बदललेलं तिकीट हेही त्या उजेडात उघडं पडतं.

खरेदी

विकत घेण्याआधी तीन महिने फक्त बघा. न्यूयॉर्कच्या सीगल लिलावघराचे जुने लिलाव चित्रांसकट आणि मिळालेल्या भावांसकट इंटरनेटवर मोफत पाहता येतात. तुमच्या कोपऱ्यातली शे-दोनशे पाकिटं तिथे डोळ्यांखालून घाला. डोळा तयार होतो आणि भावाचा अंदाज येतो. ज्या पाकिटाची तुम्हाला ओढ आहे तेच तिथे आधी विकलं गेलेलं सापडलं, तर तेव्हा त्यावर काय होतं आणि आता काय ‘उगवलंय’ हेही कळतं.

लिलावात बोली लावताना घराची अडत धरा. ती साधारण पंधरा ते वीस टक्के असते, वर टपाल, विमा आणि भारतात मागवत असाल तर सीमाशुल्काची कटकट. चारशे डॉलरच्या वरचं काही घ्यायचं तर प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन आणि पेनसिल्व्हेनियातल्या बेलफाँट इथली अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी ही दोन ठिकाणं त्यासाठी मान्य आहेत. ‘प्रमाणपत्रात खोटं ठरल्यास पैसे परत’ अशी अट बोलीआधी लेखी मागून घ्या, आणि तपासणी पाकीट अमेरिकेत असतानाच उरकून घ्या. एकदा ते पुण्याला येऊन परत पाठवायचं म्हणजे कागद राहील की नाही याचीच चिंता.

अमेरिकेत राहणाऱ्यांना सोपं आहे. स्टँप शोला जा आणि विक्रेत्याच्या खोक्यातली स्वस्त पाकिटं एकेक काढून बघा. चांगली खरेदी खोक्याच्या तळाशी असते, काचेच्या कपाटात नाही. वेस्टर्न कव्हर सोसायटी ही मंडळी नेमक्या याच विषयात आयुष्य घातलेली आहेत, आणि नवख्याचा प्रश्न त्यांना आवडतो. सॅन फ्रान्सिस्कोला जाणार असाल तर वेल्स फार्गोच्या संग्रहालयातला, जुने संग्राहक अर्नेस्ट विल्टसी यांचा संग्रह बघता येतो का ते आधी विचारून घ्या. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयातही एक दिवस सहज जातो.

सांभाळणं

इथे अमेरिकन पुस्तकी सल्ला अपुरा पडतो, कारण त्यांना कोकणचा पावसाळा माहीत नाही. कागदाचे शत्रू तीन: दमट हवा, कसर आणि प्रेमळ नातेवाईक. पॉलिएस्टरच्या स्वच्छ, कडक बाह्या, म्हणजे पाकीट आत सरकवायच्या पारदर्शक खोळी, वापरा. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे फोल्डर नकोत, त्यातलं रसायन शाई ओढून घेतं. सेलोटेप, गोंद, लॅमिनेशन यांची नावंही काढू नका. बाह्या आम्लरहित कागदाच्या वहीत उभ्या ठेवा, वही घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल. ते जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदला किंवा तापवून परत घाला. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत.

बुरशीचा ठिपका दिसला तर पुसू नका. पाकीट वेगळं करून कोरड्या खोलीत ठेवा आणि ठिपका वाळल्यावर मऊ कुंचल्याने हलकेच झटका.

पान लिहिणं

प्रत्येक पाकिटाला एक पान द्या. वर पाकीट, खाली हिशोब: सरकारला किती, एक्सप्रेसला किती, कुठून कुठे, कोणत्या मार्गाने, तारीख कशावरून काढली. मागच्या बाजूला काही असेल तर तिची प्रत शेजारी लावा, नाहीतर पाकीट बाहीतून पुन्हापुन्हा काढलं जातं. कितीला आणि कोणाकडून घेतलं ते दुसऱ्या वहीत, वारसांना ती वहीच उपयोगी पडेल. माहिती शाईने लिहा, तर्क पेन्सिलने.

माझ्या गुलाबी पाकिटाच्या पानावर शाईने लिहिलंय: तीन सेंट सरकारचे, सात कंपनीचे, व्हर्जिनिया सिटी, 1864 नंतर. पत्ता सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बाईंचा आहे. कडेची नोंद त्यांच्याच हातची असावी, कारण पत्त्याचं अक्षर वेगळं आहे. ‘उत्तर दिलं’ एवढंच त्यांनी लिहिलंय, पुढे महिना, आणि वर्षाच्या जागी कागद फाटलेला आहे. तिथे मी पेन्सिलने 1866 लिहिलं होतं. गेल्या महिन्यात तेच अक्षर असलेलं दुसरं पाकीट एका लिलावाच्या चित्रात दिसलं, आणि ते 1866 मी खोडलं.